वक्तृत्व स्पर्धेतून रिव्ह्यू मीटिंगपर्यंत: कामाच्या ठिकाणी नीट बोलायला शिकण्याची पद्धत

"सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." हे वाक्य ज्यांच्या तोंडात अजून बसलेलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी त्यांच्यातलाच एक. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीचं भाषण असायचं. सर कागदावर लिहून द्यायचे, आई ते पाठ करून घ्यायची, आणि समोरच्यांच्या डोळ्यांकडे न बघता मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोल, असं सगळे सांगायचे. शेवटचं वाक्य चढ्या आवाजात म्हणायचं, 'जय हिंद, जय महाराष्ट्र' करायचं आणि खाली बसायचं. तालुक्याच्या स्पर्धेत दोनदा बक्षीस मिळालं. त्यामुळे आपल्याला बोलता येतं, असं मी धरूनच चाललो होतो.

पुढे चाकणला एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात लागलो. सातव्या महिन्यात मंथली रिव्ह्यूत उभं राहायची वेळ आली. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा (बाहेरच्या कवचाचा) बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ओव्हल (लंबगोल) येत होता, त्याचं कारण मांडायचं होतं. मी बारा स्लाइड केल्या: प्रोसेस, मशीनची माहिती, तीन महिन्यांचा डेटा, फिशबोन डायग्राम (संभाव्य कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती), मग कारण आणि अकराव्या स्लाइडवर उपाय. रात्री जागून सगळं पाठ केलं. चौथ्या स्लाइडला प्लांट हेड साहेबांनी विचारलं, "मग करायचं काय?"

माझं पाठांतर तिथेच तुटलं. "सर, तेच सांगतोय," असं म्हणून मी पाचव्या स्लाइडचं वाक्य सुरू केलं, अडकलो, परत सुरू केलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मला वाईट वाटलं ते वेगळंच. खरं नुकसान असं झालं की फिक्श्चर (मशीनवर पीस क्लॅम्पने आवळून धरणारं साधन) बदलायची मंजुरी पुढच्या रिव्ह्यूपर्यंत लांबली, आणि तोवर ओव्हल पीस निघतच राहिले. कारण मला माहीत होतं, उपायही माहीत होता. तो पाच वाक्यांत सांगता आला नाही.

आता नवीन आलेल्या इंजिनिअर मुलामुलींना बोलायला शिकवायचं काम माझ्याकडे असतं. बहुतेक जण मराठी माध्यमातले, हुशार, कामाला पक्के. मी त्यांच्याकडून जे करून घेतो, ते इथे क्रमाने लिहितो. नोकरी बँकेत असो, आयटीत असो की जिल्हा परिषदेत, पद्धत तीच लागू पडते.

आधी ठरवा: समोरच्याने काय करायला हवं?

शाळेतलं भाषण बोलणाऱ्यासाठी असतं. पोरगं धीट व्हावं, पाठांतर व्हावं, चार लोकांत उभं राहता यावं, हा त्याचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. ऑफिसात मात्र समोर बसलेल्या माणसाला काहीतरी ठरवायचं असतं. पैसे द्यायचे का, माल सोडायचा का, माणूस वाढवून द्यायचा का. तुमच्या बोलण्यातून त्याला ते ठरवता आलं तर बोलणं झालं.

म्हणून स्लाइड उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा: "माझं बोलणं संपल्यावर अमुक माणसाने तमुक करावं." माणसाचं नाव आणि क्रियापद, दोन्ही हवीत. "सगळ्यांना माहिती व्हावी" हे चालणार नाही, कारण माहिती व्हायला ईमेल पुरतो. माझ्या त्या बोअरच्या प्रेझेंटेशनचं वाक्य असं हवं होतं: "प्लांट हेड साहेबांनी दोन फिक्श्चरचे क्लॅम्प बदलायला मंजुरी द्यावी." हे वाक्य मी आदल्या रात्री लिहिलं असतं, तर बारापैकी सात स्लाइड मीच काढून टाकल्या असत्या.

हे वाक्य लिहिताच येत नाही, असंही कधी होतं. तेव्हा बोलायची तयारी थांबवा. तुमचं काम अजून पूर्ण झालेलं नाही, असा त्याचा अर्थ. जाऊन आधी ते करा.

उत्तर वर, कारणं खाली

आपल्याला शेवटाकडे चढत जायची सवय लागलेली असते. प्रस्तावना, विषयप्रवेश, मुद्दे, मग कळस. रिव्ह्यूत हे उलटं करायचं. जे अकराव्या स्लाइडवर होतं, ते पहिल्या तीन वाक्यांत यायला हवं.

मी तेव्हा सुरुवात अशी केली होती: "नमस्कार सर, आज मी हाउसिंगमधल्या बोअर ओव्हॅलिटीच्या प्रॉब्लेमबद्दल सांगणार आहे. त्याआधी आपण प्रोसेस थोडक्यात समजून घेऊ..."

आज अशी केली असती: "सर, हाउसिंगचा बोअर क्लॅम्पच्या दाबामुळे ओव्हल होतोय. दोन फिक्श्चरचे क्लॅम्प बदलायला तुमची मंजुरी हवी आहे. खर्च १ लाख ८० हजार, वेळ १५ दिवस. तोवर प्रत्येक पीस बोअर डायलने दोन दिशांनी तपासून पाठवतोय."

एवढ्यावर साहेब "ठीक आहे, करा" म्हणू शकतात. किंवा विचारतील, "दाबामुळे कसं?" मग सांगायचं: हाउसिंगची भिंत पातळ आहे, क्लॅम्पने ती दबते, दबलेल्या अवस्थेत आपण बोअर गोल करतो, आणि क्लॅम्प सुटला की भिंत मूळ जागी येते आणि बोअर ओव्हल होतो. मग डेटा. ऐकणारा जितकं खोल जायला सांगेल तितकंच जायचं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गावच्या देवळात नारदीय कीर्तन ऐकलंय ना? बुवा नमन झालं की मूळ पद म्हणतात. आजचं सगळं सांगणं त्या पदात असतं. मग पूर्वरंगात त्याचं निरूपण, उत्तररंगात त्याला धरून एखादं आख्यान, आणि शेवटी बुवा परत त्याच पदावर येतात. तासभर ऐकून घरी निघालेल्या आजीला विचारा, आज काय होतं? ती ते पद सांगते. मूळ पद, निरूपण, एक गोष्ट, परत मूळ पद. दहा मिनिटांच्या प्रेझेंटेशनला यापेक्षा चांगला साचा मला अजून सापडलेला नाही. फक्त 'आख्यान' म्हणून पुराणातली कथा न घेता शॉपमधली, म्हणजे कारखान्यात मशीन चालतात तिथली, एक खरी घटना घ्यायची: परवा रात्रपाळीत सेटर मामांनी (मशीन लावून देणाऱ्या कामगाराने) क्लॅम्पचा दाब कमी करून दहा पीस काढले आणि दहाही गोल आले. अशी एक घटना तीन आलेखांचं काम करते.

पाठ करा, पण दोनच वाक्यं

पूर्ण भाषण पाठ केलं की ते साखळीसारखं होतं. एक कडी निसटली की पुढचं सगळं हातातून जातं. आणि ऑफिसात कडी निसटणारच, कारण कोणीतरी मधे बोलणारच.

तरी काहीच पाठ न करणंही चूक. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य शब्दन् शब्द पाठ हवं. पहिलं यासाठी की उभं राहिल्यावर पहिली वीस सेकंदं डोकं चालत नाही, तेव्हा जीभ आपोआप चालायला हवी. शेवटचं यासाठी की नाहीतर माणूस "तर... असं आहे... एवढंच होतं... थँक यू" असं म्हणत विरून जातो. शेवटी परत मागणी करा: "तर सर, दोन फिक्श्चरची मंजुरी आज मिळाली तर उद्या ऑर्डर जाईल." आणि गप्प बसा.

मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर चार-पाच शब्द लिहा. वाक्यं लिहू नका, कारण लिहिलेलं वाक्य दिसलं की डोळे ते वाचायला लागतात. आकडे मात्र लिहा, आणि जसे तोंडाने म्हणणार तसेच. कागद जाडच घ्या. साधा ए-फोर कागद हातात धरला तर हाताची थरथर त्याच्या टोकाला दुप्पट दिसते, आणि ती बघून आपणच जास्त घाबरतो.

मोठ्याने, उभं राहून, फोनवर रेकॉर्ड करून

ही पायरी सगळे गाळतात. मनातल्या मनात वाचलं की तयारी झाली, असं वाटतं. मनात सगळं सुरळीत असतं, तोंडाला मात्र त्या शब्दांची ओळखच झालेली नसते.

खोलीचं दार लावा, उभे राहा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि पूर्ण बोला. अडलात तरी थांबवू नका. असं तीनदा करा. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा, गाडीत बसून करा. माझ्या टीममधली एक मुलगी कंपनीच्या बसमधून उतरल्यावर घरापर्यंतच्या दहा मिनिटांच्या रस्त्यात इअरफोन लावून बोलायची. बघणाऱ्याला वाटायचं, फोनवर बोलतेय.

मग ऐका. आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो, तो सगळ्यांनाच वाटतो. बोलताना स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून येतो तसा हाडांतूनही येतो, रेकॉर्डिंगमध्ये तो हाडांतला भाग नसतो. त्यावर अडकू नका. पहिल्यांदा ऐकताना फक्त वेळ बघा. मी स्वतःचं मोजलंय: शांतपणे बोललो तर मिनिटाला साधारण शंभर ते एकशे दहा मराठी शब्द जातात, घाबरलो की दीडशेच्या पुढे. तुम्हीही एकदा मोजा. पाच मिनिटं मिळाली असतील तर चार मिनिटांचंच बोलणं तयार करा. उरलेलं मिनिट प्रश्न खातात.

दुसऱ्यांदा ऐकताना कागदावर रेघा मारा. 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'काय आहे ना', 'ओके?' यातला तुमचा शब्द कोणता ते कळेल. प्रत्येकाचा एखाद-दुसराच असतो. तो "म्हणायचा नाही" असं ठरवून जात नाही. तो येतो ते वाक्य संपल्यावरची शांतता सहन होत नाही म्हणून. उपाय शरीराचा आहे: वाक्य संपलं की ओठ मिटा आणि नाकाने श्वास घ्या. ओठ मिटलेले असताना 'म्हणजे' म्हणताच येत नाही. तुम्हाला तो थांबा युगासारखा वाटेल, ऐकणाऱ्याला तो कळतसुद्धा नाही. उलट त्याला आधीचं वाक्य पचवायला वेळ मिळतो.

वाक्याचं शेपूट सोडू नका

तिसऱ्यांदा ऐकायचं ते फक्त वाक्यांच्या शेवटाकडे. मराठी बोलणाऱ्यांसाठी हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही शेवटी. "हा लॉट आज संध्याकाळच्या गाडीने पाठवायचा" आणि "हा लॉट आज संध्याकाळच्या गाडीने पाठवायचा नाही". दोन्ही वाक्यं शेवटच्या शब्दापर्यंत एकच आहेत. आणि घाबरलेल्या माणसाचा श्वास नेमका तिथेच संपतो. वाक्याची सुरुवात जोरात होते, मधे आवाज उतरतो आणि 'नाही' घशातच राहतं. इंग्रजीत 'नॉट' आधी येऊन गेलेला असतो, म्हणून तिथे शेपूट गिळलं तरी निभावतं. मराठीत निभावत नाही. शॉपफ्लोअरवर, मशीनच्या आवाजात, तर मुळीच नाही.

यासाठी रोज पाच मिनिटांचा एक सराव आहे. वर्तमानपत्रातला कोणताही परिच्छेद घ्या आणि मोठ्याने वाचा, प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतक्याच जोराने. सुरुवातीला बातम्या दिल्यासारखं कृत्रिम वाटेल, वाटू द्या. दोन आठवड्यांनी श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं, आणि तुम्ही वाक्यंच लहान करायला लागता. एका श्वासात मावेल तेच वाक्य बोलण्यासाठी योग्य लांबीचं.

शाळेतल्या वक्तृत्वाचं ऋण मी इथे मान्य करतो. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला सरांनी शिकवलं ते आजही उपयोगी पडतं.

भीतीचं काय करायचं

भीती जात नाही. इतकी वर्षं झाली, अजूनही ग्राहकाचे लोक समोर बसले की माझे तळवे ओले होतात. शरीर ॲड्रेनालिन सोडतं, हृदय जोरात चालतं, तोंड कोरडं पडतं. हे थांबवायच्या मागे लागू नका, त्यासोबत काम करायला शिका.

बोलायच्या आधी दोन मिनिटं: चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाची गती उतरते. उभं राहिल्यावर वजन दोन्ही पायांवर समान ठेवा. एका पायावर रेलून उभं राहिलं की माणूस डुलायला लागतो. हातांचं काय करायचं ते कळत नसेल तर पोटाशी एकावर एक सैल ठेवा, बोलणं रंगलं की ते स्वतःच हलतील. पाण्याचा ग्लास जवळ असू द्या.

आणि घड्याळाकडे बघायचं नाही. एका माणसाकडे बघा, एक वाक्य पूर्ण करा, मग दुसऱ्याकडे. खोलीत एखादा तरी मान डोलवणारा असतोच, पहिलं वाक्य त्याला सांगा.

खोलीत आधी जाऊन या. प्रोजेक्टर जोडून बघा, केबल बसते का ते बघा, जिथे उभं राहायचं तिथे उभे राहा. माईक असेल तर तोंडापासून साधारण चार बोटांवर धरा, त्यावर फुंकू नका, टकटक करू नका; "आवाज येतोय का मागे?" असं सरळ विचारा.

स्लाइडबद्दल थोडंसं

एका स्लाइडवर एकच म्हणणं, आणि ते शीर्षकातच पूर्ण वाक्यात. 'डेटा ॲनालिसिस' हे शीर्षक काहीच सांगत नाही. 'क्लॅम्पचा दाब कमी केल्यावर दहाही पीस गोल आले' हे सगळं सांगतं. अक्षरं खोलीच्या शेवटच्या खुर्चीवरून वाचता येतात का ते स्वतः तिथे बसून बघा. स्लाइड वाचून दाखवू नका, लोकांना वाचता येतं.

पॉवरपॉइंटमधली दोन बटणं लक्षात ठेवा. स्लाइड शो चालू असताना 'बी' दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. परत दाबलं की स्लाइड येते. आणि स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. त्या दिवशी साहेबांनी "करायचं काय" विचारलं तेव्हा मला अकरा आणि एंटर एवढंच करायचं होतं.

इंग्रजीचं दडपण

आमच्याकडे शॉपवर मराठी-हिंदी, रिव्ह्यूत मिसळ आणि ग्राहकासमोर इंग्रजी असं चालतं. मुलं मला सांगतात, "सर, विषय येतो पण इंग्रजी कमी पडतं." बऱ्याचदा ते आधी मराठीत लांब वाक्य तयार करतात आणि मग त्याचं भाषांतर करायला जातात. तिथे दम लागतो. त्यापेक्षा मराठीतच वाक्य आधी तोडा. कर्ता, क्रिया, आकडा, बस्स. लहान वाक्याचं इंग्रजी कोणालाही जमतं.

उच्चारांची चिंता सोडा. आपला मराठी वळणाचा उच्चार समोरच्याला कळतो. कळत नाही तो वेग. आकड्यांवर मात्र मेहनत घ्या. 'दीड', 'अडीच', 'पावणेदोन' ही आपल्या तोंडातली सोय तिकडे नाही, आणि घाईत अडीचचं भलतंच काहीतरी होतं. परदेशी ग्राहक असेल तर लाख-कोटीऐवजी मिलियनमध्ये लिहून ठेवा: १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन. हे जागेवर मनात करायचं नाही.

चार वाक्यं इंग्रजीत तोंडपाठ ठेवा, कारण ती रोज लागतात: प्रश्न पुन्हा विचारायला सांगणारं, थोडा वेळ मागणारं, "मी तपासून चार वाजेपर्यंत कळवतो" असं सांगणारं, आणि "मला समजलं ते असं, बरोबर आहे का?" हे विचारणारं. ही चार तयार असली की उरलेलं दडपण निम्मं होतं. आणि जिथे सगळे मराठी आहेत तिथे खुशाल मराठीत बोला. दहा मराठी माणसं बसून एकमेकांना तोडक्या इंग्रजीत समजावतात, तेव्हा माझा जीव तुटतो. त्या खोलीतलं अर्धं डोकं भाषांतरात खर्च होत असतं.

प्रश्न हीच खरी परीक्षा

आदल्या दिवशी दहा प्रश्न लिहून काढा. पाच तुम्हाला सुचतील. उरलेले पाच दुसऱ्या विभागातल्या माणसाला विचारा, शक्यतो अकाउंट्समधल्या. "हा खर्च या वर्षीच्या बजेटमध्ये आहे का?" हा प्रश्न इंजिनिअरला कधीच सुचत नाही आणि मीटिंगमध्ये तो पहिला येतो.

प्रश्न पूर्ण ऐका. अर्धा ऐकून उत्तर सुरू करणं हा हुशार मुलांचा दोष आहे. मग प्रश्न स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवा. समोरच्याला खात्री पटते आणि तुम्हाला विचार करायला पाच सेकंदं मिळतात. उत्तर देताना परत तेच: आधी हो, नाही किंवा आकडा, मग कारण. "होईल का पंधरा दिवसांत?" याचं उत्तर "हो, पुरवठादाराने तारीख दिली आहे" असं असतं. "सर, त्यात काय आहे, पुरवठादाराकडे सध्या..." इथून सुरू झालेलं उत्तर ऐकून साहेब 'नाही' असंच समजतात.

माहीत नसेल तर "आत्ता माझ्याकडे आकडा नाही, चार वाजेपर्यंत देतो" असं म्हणा आणि पावणेचारला द्या. अंदाजाने आकडा फेकू नका. एकदा खोटा ठरलेला आकडा पुढचं वर्षभर तुमच्या प्रत्येक आकड्याला चिकटून राहतो.

आणि एक तयारी नेहमी असू द्या: वीस मिनिटं मिळणार होती आणि साहेब म्हणाले, "मला निघायचंय, दोन मिनिटांत सांग." तेव्हा ती वरची तीन वाक्यं सांगायची. त्यासाठीच ती वर आहेत.

वरिष्ठांना 'नाही' म्हणताना

"साहेब, तुमचं बरोबर आहे, पण..." यातला 'पण' कानावर पडला की समोरचा ऐकणं थांबवतो. मी मुलांना तीन भागांत बोलायला सांगतो: जे मान्य आहे ते, मग आकडा, मग पर्याय प्रश्नाच्या रूपात. "साहेब, गाडी आजच जायला हवी हे मान्य. या लॉटमधले चाळीस पीस तपासले, त्यात तीन ओव्हल निघाले. पूर्ण लॉट तपासायला चार तास लागतील. गाडी सहाऐवजी रात्री दहाला सोडू का?" यात कोणाचा अपमान नाही, आणि निर्णय साहेबांच्याच हातात राहिला.

खाली बोलतानाही तितकीच काळजी हवी. ऑपरेटर दादांना पाळीच्या सुरुवातीला सूचना द्यायची तर मशीनपासून बाजूला बोलवा, एकच गोष्ट सांगा, आणि "कळलं ना?" असं विचारू नका. त्याला कोणीही 'हो'च म्हणतं. "आता पहिला पीस काढल्यावर काय करणार, दादा?" असं विचारा. त्यांच्या तोंडून परत ऐकलं की कळतं, आपलं सांगणं पोचलं की नाही.

सराव कुठे करायचा

महिन्यातून एकदा येणाऱ्या रिव्ह्यूवर अवलंबून राहू नका. रोजची पाळीबदलाची दोन मिनिटं हेच तुमचं व्यासपीठ: काय झालं, काय राहिलं, पुढच्या पाळीने काय करायचं. ते नीट, उभं राहून, पूर्ण वाक्यांत सांगा.

टोस्टमास्टर्स क्लबचा, म्हणजे लोकांसमोर बोलायचा एकत्र सराव करणाऱ्यांच्या क्लबचा, मला फार उपयोग झाला. १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे पहिला क्लब सुरू केला, आणि आज पुण्या-मुंबईत असे कितीतरी क्लब आहेत, काही तर कंपन्यांच्या आतच. पद्धत काटेकोर असते. नेहमीचं तयार भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. 'टेबल टॉपिक्स'मध्ये आयत्या वेळी विषय मिळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. रिव्ह्यूतल्या अनपेक्षित प्रश्नांची याहून चांगली तालीम नाही. तुमचे 'अं', 'आ' मोजायला एक माणूस नेमलेला असतो, आणि दुसरा उभं राहून तुमचं काय चांगलं होतं, काय सुधारता येईल ते सांगतो. आधी पाहुणा म्हणून दोन-तीन क्लब बघा, जिथे लोक मनापासून ऐकतात तो निवडा.

क्लब जवळ नसेल तर गणेश मंडळाचं सूत्रसंचालन, सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशोब मांडणं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आभार. 'आभार' हे नवख्यासाठी उत्तम काम आहे. लहान असतं, आणि प्रत्येकाचं नाव बरोबर घ्यावं लागतं. आणि ऐकायलाही जा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि ती अजून चालू आहे. तिथे मागच्या रांगेत बसून वक्त्याकडे कमी आणि श्रोत्यांकडे जास्त बघा. कुठल्या वाक्याला चुळबुळ सुरू झाली, कुठे माना वर झाल्या, ते टिपा.

अभिप्राय मागताना "कसं झालं?" विचारू नका, "छान झालं" एवढंच मिळतं. एका सहकाऱ्याला आधीच एक काम सांगा: "माझ्या वाक्यांचे शेवटचे शब्द तुला ऐकू येतात का, तेवढंच बघ." पुढच्या वेळी दुसरं काम.

आणि मीटिंग संपल्यावर दहा मिनिटांच्या आत वहीत तीन ओळी लिहा: वेळ किती लागला, कोणत्या प्रश्नाला अडखळलो, कुठे लोकांनी फोन काढला. फिक्श्चरची मंजुरी मागायला मी पुढच्या महिन्यात पुन्हा उभा राहिलो, त्या दिवशीची नोंद माझ्या वहीत अशी आहे: "तीन मिनिटं चाळीस सेकंद. बजेट कोणत्या खात्यातून, याला अडकलो. अकाउंट्सला आधी विचारायला हवं होतं. फोन कोणी काढला नाही. मंजुरी मिळाली."